काडीचा गाडा

आमच्या मुलीला घरात सगळे काडी म्हणतात. जन्मली तेव्हा ती इतकी किरकोळ होती, की नर्सबाईंनी तिला माझ्या हातात देताना "सांभाळा हं, वाऱ्यानं उडेल" असं म्हटलं. त्यांनी ते हसत म्हटलं होतं, मी ते अजून मनावर घेऊन बसले आहे. सत्तावीस वर्षांत काडीचं वजन सोडून बाकी सगळं वाढलं. आवाज वाढला, हट्ट वाढला, आणि माझी काळजी वाढली.

काडी वेताच्या खुर्च्या विणते. म्हणजे खुर्चीचं लाकूड तसंच ठेवायचं, फाटून खाली लोंबणारी वेताची बैठक कापून टाकायची आणि तिथे नवी विणायची. हे तिला कुणी शिकवलं नाही. कॉलेज संपल्यावर दोन वर्षं ती एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसत होती. तिथल्या साहेबांच्या खोलीत भोक पडलेली एक वेताची खुर्ची कोपऱ्यात टाकून दिलेली होती. हिनं ती मागून घरी आणली. दर रविवारी एकेक वेत उलगडायची आणि कुठला कशाखालून जातो ते वहीत काढून ठेवायची. मग नवा वेत आणून तिनं ती खुर्ची विणली. पहिल्यांदा बैठक तिरकी आली. दुसऱ्यांदा सरळ आली. तिसऱ्यांदा तिनं नोकरी सोडली.

"लोक खुर्चीवर बसायला धडपडतात, आणि आमची ही खुर्चीखाली जाऊन बसली," असं मी तेव्हा तिच्या मामाला फोनवर सांगितलं होतं. ते तिनं ऐकलं आणि ती इतकी हसली की मलाच राग धरता येईना.

तिचे बाबा सुतार. अडतीस वर्षं एका फर्निचरच्या कारखान्यात दारं, खिडक्या आणि खुर्च्या करून मागच्या वर्षी घरी बसले. यांचं एकच तत्त्व आहे. केलेली वस्तू हलता कामा नये. कुणाकडे जेवायला गेलो तरी हे बसण्याआधी टेबलाचा कोपरा धरून हळूच हलवून बघतात, आणि टेबल हललंच तर जेवणात यांचं लक्ष लागत नाही. 'डुगडुगतंय' हा शब्द यांच्या तोंडून शिवीसारखा बाहेर पडतो.

तर अशा या बापलेकीच्या हाती गेल्या महिन्यात एक मोठं काम लागलं. लागलं म्हणजे, लागण्याच्या बेतात आलं.

आमच्या घरापासून तीन किलोमीटरवर, पुलापलीकडे, गाण्याच्या कार्यक्रमांचा जुना हॉल आहे. त्याच्या पुढच्या रांगांमध्ये बत्तीस वेताच्या खुर्च्या आहेत, सगळ्यांच्या बैठका गेलेल्या. लोक वर उशी टाकून बसतात आणि कार्यक्रम संपेपर्यंत उशीसकट खाली जातात. काडी आपणहून हॉलच्या मॅनेजरसाहेबांना जाऊन भेटली. साहेब अंगानं भरभक्कम, बोलायला तुटक. ते म्हणाले, "दोन खुर्च्या नमुना म्हणून न्या. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी आणून दाखवा. पसंत पडल्या तर उरलेल्या तीस तुमच्या."

"चालेल," काडी म्हणाली.

"ऐकून घ्या. हॉल फक्त सोमवारी सकाळी रिकामा असतो, आठ ते दहा. रोज कार्यक्रम असतात, त्यामुळे एका वेळी आठच खुर्च्या बाहेर जातील. ज्या सोमवारी आठ परत येतील, त्याच सोमवारी पुढच्या आठ न्यायच्या. दहाच्या आत. जमेल?"

"जमेल."

"नाही जमलं तरी माझं अडत नाही. फोमच्या गाद्या ठोकून देणारा एकजण आहे. त्यालाही मी त्याच सोमवारी साडेदहाला बोलावलंय."

काडी नमुन्याच्या दोन खुर्च्या घेऊन आली, सायकलच्या कॅरिअरवर एकेक बांधून, दोन खेपांत. दुसऱ्या खेपेला दारात सायकल लावता लावताच तिच्या लक्षात आलं, की आठ खुर्च्या अशा आणायच्या तर आठ खेपा, आणि आठ खेपांना दुपार होईल. कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, सोमवार सकाळ म्हणजे माझा मंडईचा वेळ. भाजी सोडून आठ खुर्च्यांमागे येऊ?" शिवाय आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. तोंडाशी उभा राहतो आणि हॉर्न वाजवतो.

काडी जेवताना म्हणाली, "बाबा, सायकलच्या मागे जोडायचा एक गाडा करूया."

मी म्हटलं, "पडेल."

इथे एक कबूल केलं पाहिजे. मी सगळ्याच बाबतीत 'पडेल', 'लागेल', 'सांडेल' असं म्हणते. त्यामुळे माझ्या शब्दाला आमच्या घरात भाव उरलेला नाही. दोघांनीही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हे बोट आमटीत बुडवून ताटातच चौकट काढायला लागले होते.

अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून जिन्याखालची आमची जागा, जिथे चपला आणि जुनी रद्दी असते, तिचा कारखाना झाला. कारखाना सुटल्यापासून हे घरात नुसते येरझाऱ्या घालत होते, खिडक्यांच्या कड्या पुन्हा पुन्हा पिळत होते. आता सकाळी सहाला उठून पेन्सिल कानावर! काडी सकाळी विणायची. भिजवलेला वेत माझ्या कपडे धुण्याच्या टबात, आणि माझे कपडे बादलीत. दुपारी दोघं जिन्याखाली. घरभर लाकडाचा भुसा आणि ओल्या वेताचा वास. जिना चढणाऱ्या उतरणाऱ्या प्रत्येकाला थांबावंसं वाटायचं. वरच्या वहिनी रोज विचारायच्या, "आज काय झालं हो?" जणू आमच्याकडे बाळंतपणच निघालं होतं.

चाकं सायकलवाल्या काकांकडून आली. त्यांच्या दुकानामागे मोडक्या लहान सायकलींचा ढीग आहे. त्यातून त्यांनी एकाच मापाची दोन चाकं शोधून दिली आणि बजावलं, "हे बघ बाळ, चाकाला दोन्ही बाजूंनी धरायचं. एकाच बाजूनं धरलंस तर वजन पडल्यावर ते रुसतं, तिरकं होऊन बसतं." म्हणून यांनी प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडाची बाही केली. मधल्या चौकटीला एकही खिळा मारला नाही. एका लाकडात खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, मध्ये गोंद, आणि आडवी लाकडी खुंटी. चौकट तयार झाल्यावर हे तिच्यावर उभे राहिले आणि कमरेतून हलले. चौकट जागची हलली नाही.

"काडे, ये, तूपण चढ," हे म्हणाले. दोघं त्या चौकटीवर उभी राहून पाय आपटत होती. वरच्या वहिनींना वाटलं, भांडण चाललंय.

आता राहिली दांडी. गाडा सायकलला जोडणारी. दांडी लोखंडी पाइपाची, तिचं एक टोक गाड्याला पक्कं, दुसरं टोक सीटच्या खालच्या नळीला. हे टोक कसं जोडायचं, याचं उत्तर यांच्याकडे तयार होतं. अडतीस वर्षं दारं केलेला माणूस दुसरं काय सुचवणार? बिजागरी! चांगली जाड, पितळी, मोठ्या दाराची.

"सायकल डावीकडे वळली की दांडी उजवीकडे उघडेल, उजवीकडे वळली की डावीकडे," हातानं दार उघडझाप करून यांनी आम्हाला दाखवलं. "आणि वरखाली तसूभरही हलणार नाही. पन्नास वर्षं बघायला नको."

काडीनं बिजागरी हलवून बघितली. लोण्यासारखी फिरत होती. "बाबा, भारी!"

हे आयुष्यात कधी सायकलवर बसलेले नाहीत. कारखाना घराजवळ होता, चालत जायचे. आणि काडी सातव्या वर्षापासून सायकल चालवते, त्यामुळे सायकल वळताना काय होतं हे तिच्या अंगाला माहीत होतं, डोक्याला कधी विचारावं लागलं नव्हतं. सायकलवाल्या काकांना दाखवलं असतं तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं. पण अर्धवट काम कुणाला दाखवायचं नाही, हा यांचा कारखान्यातला नियम.

गुरुवारी, सोमवारला चार दिवस असताना, गाडा गल्लीत आला. काडीनं नमुन्याच्या दोन्ही खुर्च्या विणून पुऱ्या केल्या होत्या. सोनेरी, ताणलेल्या, बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारख्या वाजणाऱ्या.

"रिकामा नेऊन काय कळणार? खुर्च्या ठेव," हे म्हणाले.

"पडेल," मी म्हटलं.

खुर्च्या ठेवल्या. बांधल्या. काडीनं पायडल मारलं, आणि गाडा निघाला! खरंच निघाला. मला काय वाटलं सांगता येत नाही. आठवड्यापूर्वी जी लाकडं जिन्याखाली चपलांवर पडली होती, ती दोन चाकांवर माझ्या मुलीच्या मागे आज्ञाधारकपणे धावत होती. खिडक्या उघडल्या. औषधाच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "अहो, बोगी लागली बोगी!" वहिनी वरून ओरडल्या. काडीनं मागे वळून आमच्याकडे बघून हात केला. हे नुसते मान हलवत होते, पण कान लाल झाले होते. मी टाळ्या वाजवत होते, हे माझं मलाच नंतर कळलं.

मग गल्लीच्या टोकाला ती उजवीकडे वळली.

वळताना सायकल झुकते. सायकल झुकायला निघाली आणि बिजागरीनं तिला झुकू दिलं नाही, कारण दार कधी झुकत नाही. क्षणभर सायकल आणि गाडा दोघंही हट्टाला पेटल्यासारखे दिसले. मग गाड्याचं एक चाक उचललं, सायकल बाजूला फेकली गेली आणि सगळं मिळून औषधाच्या दुकानासमोर आडवं झालं.

मी धावले. चप्पल वाटेत सुटली. पोहोचले तेव्हा काडी उठून बसली होती, कोपर सोलवटलेलं, आणि हे माझ्या आधी पोहोचून खाली वाकले होते. खुर्चीपाशी!

"पोरीचं रक्त वाहतंय आणि तुम्ही खुर्ची काय बघताय?"

"आई, थांब," काडीच म्हणाली. "बाबा, कुठला पाय?"

"मागचा उजवा. उभा चिरलाय."

दोघांचे चेहरे असे पडले, की मला कळेना यांना ओरडावं की समजवावं. बैठकीला काही झालं नव्हतं. पण खुर्ची हॉलची होती, आणि हॉलमध्ये सोमवारी साडेदहाला गादीवाला येणार होता.

शुक्रवारी यांनी चिरलेल्या पायात गोंद भरला, शिकंज्यात आवळला आणि त्याच्यासमोर बसून राहिले. गोंद पुरता सुकायला एक दिवस. काडी कोपराला पट्टी बांधून सुट्या वेताची भेंडोळी आवरत होती. मी संधी साधली. "कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला पुन्हा विचारूया का गं? हवं तर मी बोलते."  टबातला एक ओला वेत उचलून तिनं बोटांत धरला. नुसता धरून बसली. मग वर-खाली वाकवला, डावी-उजवीकडे वाकवला, पिळला. वेत सगळीकडे वळत होता आणि तुटत नव्हता.

"आई," ती एकदम म्हणाली, "तू कॉलेजला सायकलवरनं जायचीस ना? वळताना काय करायचीस?"

"ब्रेक दाबायचे."

"त्याच्या आधी?"

"घाबरायचे."

"अगं, त्या दोन्हीच्या मध्ये! उठ. उठ बघू. ही सायकल समज. हँडल धर. आता वळ."

मी बैठकीच्या खोलीत उभी राहिले, हवेतलं हँडल धरलं आणि वळले. आणि माझं अंग आपोआप एका बाजूला कललं. तीस वर्षांनी! काडीनं टाळी वाजवली.

"बघा, बाबा! दार वळतं तेव्हा उभंच राहतं. सायकल वळते तेव्हा कलते. गाडा मात्र कलायला नको. म्हणजे मधला सांधा पिळला जायला हवा. वर-खाली, बाजूला, आणि गोल. सगळीकडे हलायला हवा."

"सगळीकडे हलणारा सांधा," हे सावकाश म्हणाले, "म्हणजे मोडलेला सांधा."

"मोडलेला नाही. ढील दिलेला."

"एकच गोष्ट. शब्द वेगळे."

"बाबा, वेत मी सुका ताणून बसवला तर काय होतं? तडकतो. ओला, थोडी ढील ठेवून विणायचा. मग तो आपला आपण ताणला जातो. मी रोज ढील विणते. तिच्यावर माणसं बसतात."

यांनी शिकंज्याचा स्क्रू उगीचच अर्धा फेरा आवळला. मला दोघांचीही बाजू कळत होती आणि त्या क्षणी यांची जास्त कळत होती. अडतीस वर्षं जे टाळत आलो तेच आता करायचं, आणि तेही मुलीच्या जिवाशी बांधायचं!

काडी सायकलवाल्या काकांकडे गेली आणि वीतभर जाड रबरी पाइप घेऊन आली. आत कापडाचे थर असलेला, हातानं दाबला तर दबत नाही पण पिळला तर पिळतो असा. बिजागरी काढली. दांडीच्या टोकावर पाइपाचं एक तोंड चढवलं, सायकलकडच्या लोखंडी खुंटावर दुसरं, आणि दोन्हीकडे लोखंडी पट्ट्या स्क्रूनं आवळल्या. काका स्वतः बघायला आले. "आत्ता कसं," म्हणाले. "कालच दाखवलं असतं तर कोपर वाचलं असतं की." हे आतल्या खोलीतून ऐकत होते.

"आणि पाइप फाटला तर?" मी विचारलं.

पहिल्यांदाच काडीनं माझ्याकडे नीट बघितलं. काकांनीही.

"फाटला तर गाडा सुटून उतारावरनं कुणाच्यातरी अंगावर जाईल," मी म्हटलं. ते सगळं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतंच. माझ्या डोळ्यांसमोर नेहमीच असतं.

"तुझ्या आईचं बरोबर आहे," काका काडीला म्हणाले. "एक पट्टा हवा. ढिला. पाइप गेला तरी पट्ट्यानं गाडा धरून ठेवला पाहिजे."

मी कपाटावरच्या प्रवासाच्या बॅगेचा जाड पट्टा कापून दिला. बॅग चांगली होती. दिला!

शनिवारी खुर्च्यांच्या जागी पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन भरलेले कॅन ठेवून काडी गल्लीत निघाली. मी औषधाच्या दुकानासमोर उभी राहिले, कापूस आणि पट्टी घेऊन, म्हणजे दुकानात जायचा वेळ वाचेल. ती वळली. उजवीकडे वळली, डावीकडे वळली, आठचा आकडा काढला, पाण्याचा थेंब सांडला नाही. काका शिट्टी मारत होते. मी धावत घरात गेले. "अहो, चला ना बघायला!"

"मला गोंद सोडून येता येत नाही," हे म्हणाले.

गोंद केव्हाच सुकला होता.

सोमवारी सव्वाआठला काडी निघाली. गाड्यावर दोन खुर्च्या, चादरीत गुंडाळलेल्या, आणि कडेच्या काठीला माझा जुना लाल ब्लाउज झेंड्यासारखा बांधलेला, मागून येणाऱ्या मोटारींना लांबून दिसावा म्हणून. पाच मिनिटांनी आम्ही दोघं बसनं निघालो. हे येणार नव्हते. ऐनवेळी शर्ट बदलून दारात उभे राहिले. "पायाबद्दल कुणी विचारलं तर सांगायला माणूस हवा," एवढंच म्हणाले.

पुलाच्या चढावर आमच्या बसनं तिला गाठलं. आधी लाल ब्लाउज दिसला, मग खुर्च्या, मग काडी, सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारणारी. माझ्या पुढच्या बाकावरचे दोघं मान वळवून बघायला लागले.

"अरे, काय आहे ते?"

"कुणीतरी सायकलला घर बांधलंय!"

"ती माझी मुलगी आहे," मी मोठ्यानं म्हणाले. सगळ्या बसनं वळून माझ्याकडे बघितलं आणि मग सगळी बस खिडकीकडे लोटली. हे खिडकीशी होते. पूल संपतो तिथे उताराला मोठं डावं वळण आहे. बस सिग्नलला थांबली होती, काडी आमच्या खिडकीखालून पुढे गेली आणि त्या वळणात शिरली.

सायकल कलली. चांगलीच कलली. आणि मागचा गाडा? तो दोन्ही चाकांवर सरळ, ताठ, टेबलासारखा! मध्ये वीतभर रबर पिळलं जात होतं आणि पुन्हा सरळ होत होतं. खुर्च्यांवरची चादरसुद्धा सरकली नाही.

हे सीटवरून उठले. "कलतेय ती," म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, "आणि गाडा कलत नाहीये! बघितलंस? अगं, बघितलंस का तू? रबर पिळतंय!" यांनी मागच्या अनोळखी माणसाचा खांदा धरून त्याला खिडकीकडे वळवलं. "तिथे बघा. त्या सांध्याकडे. सांधा बघा!"

"कुणी केला हो?" त्या माणसानं विचारलं.

"मुलीनं," हे म्हणाले. "मी फक्त लाकूडकाम."

हॉलवर पोहोचलो तेव्हा नऊला दहा मिनिटं होती. मॅनेजरसाहेबांनी चादर काढली. बैठकीवर तळहात फिरवला, टिचकी मारली. खुर्ची उलटी केली, खालून बघितलं. दुसरीही तशीच उलटी केली. ते मागच्या पायावरून बोट फिरवत होते. यांनी पायाला असा रंग मारला होता, की मलाही सांधा दिसेना. मी मनात म्हटलं, झालं, निभावलं.

"तो पाय चिरला होता," काडी म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले.

"उजवा. गुरुवारी माझ्या हातनं गाडा उलटला. बाबांनी जोडलाय."

साहेबांनी पाय पुन्हा निरखला. मग खुर्ची सरळ केली, आणि ते भरभक्कम गृहस्थ तिच्यावर बसले. नुसते बसले नाहीत. मागे रेलले, पुढचे दोन पाय उचलले आणि सगळा भार त्या मागच्या दोन पायांवर टाकून झुलले. एकदा. दोनदा. माझ्या शेजारी यांचा श्वास थांबलेला मला ऐकू येत होता.

"कोण बाबा? तुम्ही?" साहेबांनी यांना विचारलं.

"हो."

"बाकीच्यांचेही पाय बघून द्याल? निम्म्या डुगडुगतात."

"डुगडुगतात?" हे असं म्हणाले, की जणू कुणी त्यांना गावात पूर आल्याची बातमी दिली. आणि सरळ रांगांमध्ये शिरून एकेक खुर्ची धरून हलवायला लागले.

आठ खुर्च्या काडीनं एकमेकींत उलट्यासुलट्या अडकवून गाड्यावर रचल्या. चार खाली, चार वर. दोरीची प्रत्येक गाठ ती स्वतः ओढून बघत होती, आणि तिच्यामागे जाऊन मी प्रत्येक गाठ ओढून बघत होते. दहाला पाच कमी असताना आम्ही फाटकातून बाहेर पडलो. गादीवाला लवकर आला होता. खांद्यावर फोमचा तुकडा, तोंडात सुपारी. साहेबांनी त्याला पायरीवरूनच हात हलवून नाही म्हणून सांगितलं. त्याला वाईट वाटलं असेल, पण त्याचं लक्ष साहेबांकडे नव्हतंच.

"ताई," तो गाड्याभोवती फेरी मारत म्हणाला, "हे कुठं मिळतं हो? मी गाद्या डोक्यावरनं नेतो."

"मिळत नाही, करावं लागतं," काडी म्हणाली. "घरी या. बाबा दाखवतील."

परतताना बस चुकली. म्हणजे आली होती, पण हे चढायला तयार होईनात. त्यांना सांधा जवळून बघायचा होता. म्हणून काडी हळूहळू पायडल मारत पुढे, हे तिच्या मागे जवळजवळ पळत, आणि मी त्यांच्या मागे "हळू! दोघंही हळू!" असं ओरडत, अशी आमची वरात पूल ओलांडून आली. उतारावर तिनं वेग घेतला आणि आम्हाला मागे टाकलं. मी थांबले. आठ खुर्च्यांचा तो ढीग वळणाशी लहान होत गेला, कलणारी सायकल आणि न कलणारा गाडा, आणि मला 'पडेल' म्हणायचं सुचलंच नाही.

घरी पोहोचलो तोवर तिनं सगळ्या खुर्च्या एकटीनं उतरवून बैठकीच्या खोलीत मांडल्या होत्या. सोफ्यावर वेताची भेंडोळी आली होती आणि आमच्या जेवणाच्या खुर्च्या बाल्कनीत गेल्या होत्या. वहिनी खाली येऊन दारातच थबकल्या. घरात आठ खुर्च्या, आणि एकीलाही बैठक नाही. आम्ही सगळ्यांनी उभ्यानंच चहा घेतला.